शस्त्राचें अस्त्र

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आमच्या घरांत एक लहानसा कलह उपस्थित झाला. माझा दहावींतील नातू रात्रीं जेवणें आटोपल्यावर संगणकापुढें बसे तो बारा वाजले तरी उठत नसे. सूनबाईंनीं दोनदां सांगितलें, चिरंजिवांनीं एकदां दरडावलें, आणि अखेर तक्रार माझ्याकडे आली. "तुम्हीं आयुष्यभर मुलें वळणावर आणलींत, याला तुम्हीच सांगा," असें म्हटल्यावर मला नाहीं म्हणतां येईना.

रागावण्याच्या तयारीनेंच मी त्याच्या खोलींत गेलों.

"आजोबा, मी खेळत नाहीं, तलवार करतों आहें," तो म्हणाला.

तलवार कशी करतात हें पाहावयास मी खुर्ची ओढून बसलों. समजलें तें असें. अमेरिकेंतील बेथेस्डा नांवाच्या कंपनीनें २०११ सालीं 'स्कायरिम' हा खेळ काढला. बर्फाच्छादित डोंगरांचा एक कल्पित देश, त्यांत ड्रॅगन नांवाचे पंखधारी महासर्प, आणि त्यांच्याशीं झुंजणारा, आपण चालवूं तसा चालणारा एक वीर. पुढच्याच वर्षीं कंपनीनें हा खेळ आपल्या मनाप्रमाणें बदलण्याचें 'क्रिएशन किट' हें साधनही लोकांस दिलें. त्याच्या साह्यानें घातलेल्या भरीला मॉड म्हणतात. ही भर निराळ्या फाइलींत राहते, मूळ खेळाच्या फाइलींस हात लागत नाहीं. हें ऐकून मला पुण्याच्या भांडारकर संस्थेनें सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति आठवली. तींतही प्रक्षिप्त श्लोक टाकून न देतां तळटीपांत व परिशिष्टांत वेगळे ठेवले आहेत. प्रक्षेप करावा, परंतु तो प्रक्षेप म्हणून ओळखूं यावा, ही सचोटी मला आवडली.

साध्या तलवारीस अग्नीची शक्ति द्यावयाची तर तीन नोंदी लागतात. पहिली परिणामाची: हा अग्नि काय करणार, तर प्रतिपक्ष्याचें आरोग्य घटविणार. दुसरी अभिमंत्रणाची: तो परिणाम किती बळाचा आणि किती वेळ टिकणारा. तिसरी खुद्द तलवारीची: तिला कोणतें अभिमंत्रण जोडलें, आणि तींत शक्तीचा सांठा किती. प्रत्येक घावागणिक सांठा घटतो. संपला कीं तलवार पुन्हां नुसतें लोखंड. मग आत्मा कोंडलेला एक खडा खर्चून तो भरावयाचा. आत्मा कोंडण्याची कल्पना मला रुचली नाहीं, आणि तसें मीं बोलूनही दाखविलें. परंतु विभागणी पाहून मी थक्क झालों. हातांत धरून मारावयाचें तें शस्त्र, मंत्रानें प्रेरून सोडावयाचें तें अस्त्र, हा भेद आपल्याकडे जुनाच आहे. अश्वत्थाम्यानें तर गवताची काडीच अभिमंत्रून सोडली होती.

इतकें सांगून मुलगा खिन्न झाला. तलवार उत्तम चालत होती, पण कधीं कधीं एखादा सामान्य दरोडेखोर एकाच घावांत त्याच्या वीरास ठार करी. कधीं घडे, कधीं न घडे. तीन रात्री तो तें कारण शोधीत होता.

"अभिमंत्रण तूं नवें केलेंस कीं जुनें घेतलेंस?" मीं सहज विचारलें.

"जुनेंच घेतलें, फक्त आंकडा वाढवून हजार..." आणि तो मध्येंच थांबला. मूळची नोंद बदलल्यामुळें तें अभिमंत्रण ज्या ज्या तलवारीवर होतें ती प्रत्येक तलवार हजार बळाची झाली होती. त्यांतील एखादी दरोडेखोराच्याही हातीं पडत होती! त्यानें जुनी नोंद पूर्ववत् केली आणि तिला दुसरें नांव देऊं लागतांच साधनानेंच विचारलें, नवी नोंद करूं काय? त्यानें होकार दिला, आणि भस्मासुराचा हात आपल्या डोक्यावरून निघाला.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याच्या गणिताच्या वहींत मागच्या पानांवर गदा, चक्रें आणि त्यांच्या शक्तींचीं कोष्टकें मला सांपडलीं होतीं. प्रत्येक शस्त्रापुढें आंकडे मांडलेले होते. मीं तीं पानें वर्गासमोर फाडलीं. त्यानंतर त्या मुलानें माझ्या तासाला कधीं हात वर केला नाहीं. त्यानें काय हिशेब मांडला होता, हें मीं वाचलेंही नव्हतें.

चार दिवसांनीं नातू म्हणाला, "आजोबा, आतां खेळांत मजा येत नाहीं. एका घावांत ड्रॅगन पडतो." तेव्हां मीं त्यास कर्णाची गोष्ट सांगितली. कवचकुंडलांच्या मोबदल्यांत इंद्रानें दिलेली शक्ति एकदांच चालणारी होती. ती त्यानें अर्जुनासाठीं राखून ठेविली, आणि रात्रीच्या युद्धांत निरुपायानें घटोत्कचावर टाकावी लागली. "असें कांहीं तुला करतां येतें काय?"

त्या खेळांत भाला नाहीं, म्हणून त्यानें कट्यार घेतली. सांठा एकाच घावापुरता ठेवून भागेना, कारण तो पुन्हां भरतां येतो. तेव्हां खेळाबरोबर येणाऱ्या 'पॅपायरस' नांवाच्या संगणकी भाषेंत त्यानें थोड्या ओळी लिहिल्या, आणि घाव बसतांच कट्यार वीराजवळून नाहींशी होईल असें केलें. तें साधण्यास दोन संध्याकाळ लागल्या. त्या दोन्ही संध्याकाळीं मी शेजारीं बसून होतों.

चिरंजिवांस मीं सांगितलें कीं मुलास साडेदहापर्यंत बसूं द्यावें, नंतर दिवा मी मालवीन. आंत काय चाललें आहे हें एकदां येऊन पाहा, असेंही सांगितलें. दुसऱ्या दिवशीं ते आले, आणि बराच वेळ बसले.

सुट्टी संपल्यावर मीं नातवास विचारलें, "कट्यारीचें काय झालें?"

"अजून जवळच आहे. दरवेळीं वाटतें, पुढें याहून मोठा शत्रु येईल. आजोबा, कोणावर टाकूं?"

चाळीस वर्षें महाभारत वाचूनही मला उत्तर सुचलें नाहीं. "टाकशील त्या दिवशीं मला हांक मार," इतकेंच मीं म्हणालों.