जिंकलेला पैसा येतो कुठून?

जुगार म्हटला की आपल्या मोहल्ल्यांत अजूनही एक जुने चित्र डोळ्यांसमोर येते. गल्लीच्या टोकाला घोळका करून बसलेली माणसे, मटक्याचे आकडे, पोलिसांची गाडी दिसताच उडणारी पळापळ. अशा माणसाला मुलगी द्यायची नाही, त्याच्याशी व्यवहार करायचा नाही, एवढे आपल्याला पक्के ठाऊक असते. पण मधल्या काळात जुगार गल्लीतून उठला आणि घरातल्या सर्वांत हुशार मुलाच्या खोलीत जाऊन बसला. हा मुलगा व्यसनी नाही, उद्धट नाही. जुम्मा चुकवत नाही, गणितात वर्गात पहिला येतो. रात्री दोनपर्यंत त्याचा लॅपटॉप चालू असतो आणि आईला वाटते, पोरगा अभ्यास करतोय.

माझ्या बहिणीच्या घरी हेच घडले. भाच्याची परवानगी घेऊनच लिहिते आहे. त्याचे नाव मात्र लिहीत नाही.

भाचा आपल्याच शहरात, छत्रपती संभाजीनगरात, कॉम्प्युटर इंजिनिअर झाला. त्याचे वडील वाळूज एमआयडीसीत कंत्राटी कामगार आहेत. पोराला कॉलेजमधूनच पुण्याच्या एका कंपनीचे नियुक्तिपत्र मिळाले, तेव्हा घरात मिठाई वाटली गेली. हातात येणारा पगार महिना सत्तावीस हजार. मिठाईचा डबा संपायच्या आत त्याने सांगितले, "मला नोकरी करायची नाही. मी पोकर खेळतो. तीन वर्षं झाली."

पोकर म्हणजे पत्त्यांचा डाव. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पाने, मधे सगळ्यांसाठी पाच उघडी पाने. आपले पान किती भारी आणि समोरच्याचे किती, याचा अंदाज बांधून पैसे लावायचे. पान हलके असले तरी भारी असल्याचा आव आणता येतो, आणि समोरचा घाबरून डाव सोडतो. दुसऱ्या वर्षाला असताना मित्रांबरोबर मोबाइलवर दहा-वीस रुपयांनी सुरुवात झाली होती. त्याने प्रत्येक दिवसाचा हिशोब कॉम्प्युटरवर लिहून ठेवला होता. काही महिने वजा, काही महिने साठ-सत्तर हजार अधिक. सगळे धरून सरासरी महिना चाळीस हजार! घरात आलेले कपडे धुण्याचे मशीन शिकवणीच्या पैशाचे नव्हते, हे बहिणीला त्या दिवशी कळले.

तिच्या नवऱ्याचे उत्तर एका वाक्याचे होते : "जुए का पैसा मेरे घर में नको."

पोरगा म्हणाला, "अब्बा, ये जुआ नहीं, स्किल है."

त्यानंतर बापलेकांचे बोलणे बंद झाले. बहीण रडत माझ्याकडे आली आणि तिच्या मागोमाग दोन दिवसांनी तोही आला.

मधल्या काळात कायद्याने त्याच्या धंद्याचा दरवाजा बंद केला होता. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारे विधेयक २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झाले आणि २२ ला राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावून ऑनलाइन खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. रमी, पोकर, क्रिकेटच्या टीम लावणे, सगळी मोठी अ‍ॅप काही दिवसांत बंद पडली. या कायद्याला कंपन्यांनी न्यायालयात आव्हान दिले. पण भाच्याला तेवढी वाट पाहायची नव्हती. त्याचे काही मित्र चोरून परदेशी अ‍ॅपवर गेले. तो म्हणाला, "ते बेकायदा आहे, मी करणार नाही. मी गोव्याला जातो." गोव्यात १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये आणि १९९६ मध्ये दुरुस्त्या झाल्या. आधी पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरचा जुगार आला, मग जहाजांवरचे कॅसिनो आले. पणजीला मांडवीच्या पात्रात ती जहाजे उभी असतात.

त्याने माझ्यासमोर हिशोब मांडला. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, गणित माझा विषय नाही. तरी ठरवले की "हराम है, बस" एवढे बोलून त्याला उठवायचे नाही. घरात ते ऐकून झाले होते. त्याचे म्हणणे पुरते ऐकायचे आणि मग विचारायचे.

पहिली गोष्ट मी कबूल केली. पोकरमध्ये डोके लागते, हे खोटे नाही. मुंबई इलाख्याचा १८८७ चा जुगारबंदीचा कायदाही निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळतो. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, आणि पुढे अ‍ॅपवाल्यांनी त्याच निकालाच्या आडोशाने दुकाने थाटली. पण डोके आणि नशीब यांचे प्रमाण किती? भाच्यानेच सांगितले : हातात दोन एक्के आले आणि समोरच्याकडे दोन राजे असले, तरी पाच वेळांपैकी साधारण एकदा राजावालाच जिंकतो. म्हणजे सगळे बरोबर करूनही माणूस हरतो, आणि कधी महिना-महिना हरतच राहतो. ज्याच्या वडिलांकडे शिल्लक आहे त्याने असे महिने काढावेत. कंत्राटी कामगाराच्या मुलाने कशावर काढावेत?

मग करांचा विषय निघाला. २०२५-२६ मध्ये नव्या पद्धतीने पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर नाही. पत्त्यांत जिंकलेल्या रकमेवर मात्र पहिल्या रुपयापासून सरसकट ३० टक्के, वर उपकर. शिवाय कॅसिनोच्या टेबलावर हरलेली रक्कम जिंकलेल्या रकमेतून वजा करू देत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोंवरचा जीएसटीही ४० टक्के झाला. त्याच्या चाळीस हजारांच्या सरासरीत गोव्याची खोली, जेवण, प्रवास आणि हा कर धरलाच नव्हता. तो गप्प झाला. पण मला माहीत होते की हिशोबाने हरलेला माणूस नवा हिशोब घेऊन परत येतो. खरा प्रश्न पुढेच होता.

मी विचारले, "सहाजण हजार-हजार घेऊन बसले. रात्र संपली तेव्हा टेबलावर किती?"

"सहा हजारांपेक्षा कमी," तो म्हणाला. "प्रत्येक डावातून खेळवणारा आपला हिस्सा काढतो."

"मग तुझे चाळीस हजार येतात कुठून?"

"कच्च्या खेळाडूंकडून. खाला, पोकरमध्ये त्यांना फिश म्हणतात, मासा. टेबलावर मासा कोण ते आधी ओळखायचं. तो उठून गेला की आपणही उठायचं."

मी विचारले, हा मासा कोण असतो? त्याला नावे माहीत नव्हती, पडद्यावर टोपणनावे असतात. पण खेळावरून त्याला खूप काही कळत होते. महिन्याच्या एक तारखेला येणारा. हरला की रागाने दुप्पट लावणारा. पहाटे तीनला पुन्हा पैसे भरून परतणारा. बोलता बोलता त्याचाच आवाज खाली आला. एक तारखेला येणारा म्हणजे पगारदार, कुणाचा तरी बाप. हा कायदा आणताना सरकारने दिलेला अंदाज असा होता की या खेळांत देशातले ४५ कोटी लोक वर्षाला २० हजार कोटींहून अधिक गमावतात. एवढा मोठा आकडा डोळ्यांसमोर उभा राहत नाही. पहाटे तीनचा तो एक माणूस मात्र राहतो.

भाचा म्हणाला, "तो स्वतःच्या मर्जीने येतो. मी जबरदस्ती करत नाही." हा मुद्दा हलका नाही. व्यापारही दोघांच्या राजीखुशीनेच होतो. पण आपल्या शहरातला हिमरू विणणारा कारागीर आणि त्याचे गिऱ्हाईक यांचा सौदा पाहा. एकाच्या हातात शाल येते, दुसऱ्याच्या हातात मजुरी. उठताना दोघेही राजी असतात. पोकरच्या टेबलावर बसताना सगळे राजी असतात, उठताना हरलेला कुणीही राजी नसतो. त्याचे गेले म्हणून माझे आले. मधे ना कापड तयार झाले, ना भाकरी, ना कुणाचे दुखणे बरे झाले.

कुरआनात जुगारासाठी 'मैसिर' हा शब्द आहे. तो 'युस्र' म्हणजे सोपेपणा या धातूशी जोडला जातो. सहज हाती आलेला माल. इस्लामपूर्व अरबस्तानात उंट कापून त्याचे वाटे करत आणि बाणांनी चिठ्ठ्या काढत. दहा बाण, त्यांतले सात वाट्यांचे, तीन कोरे. ज्यांचे कोरे निघत ते उंटाची किंमत भरत. जिंकलेले मांस गोरगरिबांना वाटून टाकण्याची रीत होती आणि जिंकणारे ते अभिमानाने मिरवत. सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत मद्य आणि मैसिर यांत लोकांसाठी काही फायदे असल्याचे मान्य केले आहे, पण त्यांतला गुनाह फायद्याहून मोठा ठरवला आहे. सूरह माइदाच्या ९० आणि ९१ व्या आयतींत त्यापासून दूर राहण्याचा हुकूम आहे आणि कारणही आहे : आपसांत वैर आणि द्वेष पेरला जातो, अल्लाहच्या स्मरणापासून आणि नमाजपासून माणूस तुटतो. भाच्याने मला सांगितले होते की तो जिंकलेल्या पैशातून खैरात करतो. मी त्याला त्या उंटाची गोष्ट सांगितली. गरिबाच्या ताटात पडूनही तो खेळ हलाल झाला नाही.

आता नोकरीची बाजू. तो चिडून म्हणाला, "कंपनी काय फार पाक आहे? कधीही घरी बसवतील." हेही खरे आहे. २०२५ च्या जुलैमध्ये देशातल्या सर्वांत मोठ्या आयटी कंपनीने बारा हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्याने पुढे विचारले, "आणि तिथे मला जुगाराच्याच अ‍ॅपचं काम दिलं तर?" मला हा प्रश्न फार आवडला. कारण नोकरी म्हटली की कमाई आपोआप शुद्ध होत नाही. तिथेही हेच विचारायचे : माझ्या कामातून समोरच्याच्या हातात काय पडते? गोरगरिबाला फसवी योजना विकणारा सुटाबुटातला माणूस पत्ते न हातात घेताही मासेच शोधत असतो. तसे काम मिळाले तर नाही म्हणायची तयारी ठेव, एवढेच मी त्याला सांगितले.

तो पुण्याला गेला. हिंजवडीजवळ एका खोलीत चौघे राहतात. तो सुखी झाला असे मी लिहिणार नाही. फोनवर कुरकुरतो, काम कंटाळवाणे आहे म्हणतो, पगार वीस तारखेला संपतो. पत्त्यांची आठवण येते का, असे विचारले तर "येते" म्हणतो. खोटे बोलत नाही, याचे मला समाधान आहे. आधी जिंकलेल्या पैशाचे काय करायचे हे त्याने आलिमसाहेबांना विचारले. ते म्हणाले, ज्याचा पैसा त्याला परत करता आला तर करावा. माणूस सापडत नसेल तर सवाबची अपेक्षा न ठेवता गरजूला द्यावा. दर महिन्याला तो थोडे थोडे काढतो आहे. मशीन बहिणीने अजून चादरीखाली झाकून ठेवले आहे. "त्याचे पैसे फिटू दे, मग लावीन," म्हणते.

आईवडिलांना माझी विनंती आहे. मुलगा हुशार आहे म्हणून त्याच्या कमाईची चौकशी करायला लाजू नका. आणि चौकशी केली की लगेच दार दाखवू नका. घराबाहेर काढलेला मुलगा गोव्यालाच जाईल, तिथे त्याला विचारणारे कुणी नसेल. त्याच्या शेजारी बसा, त्याची वही उघडायला लावा, रकमा मोठ्याने वाचा. शेवटी एकच विचारा : बेटा, हा पैसा कुणाच्या घरातून आला?

अल्लाह आपल्या सगळ्यांच्या मुलांना हलाल रिज्क आणि त्यात बरकत देवो. आमीन.