पॅकर आणि अडलेली वाट : हिंजवडीतली टिपणे

हिंजवडीच्या आयटी पार्कला सगळे पुण्याचं म्हणतात. महसुली दप्तरात हिंजवडी, माण, मारुंजी ही गावं मुळशी तालुक्यातली. तहसील कचेरी पौडला. इथल्या टेबलावर बसून आम्ही मशीन इमेज बनवतो, पण ती मशीन उभी राहतात ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये. हे रीजन २०१६ साली सुरू झालं. टेबल आणि मशीन यांच्यामध्ये ऑफिसची फायरवॉल, व्हीपीएन, गेटवे, राउट टेबल, एसीएल, सिक्युरिटी ग्रुप असं बरंच काही आहे. नेटवर्कमुळे बिल्ड पडलं की दोष यातल्याच एखाद्या जागी शोधायचा.

*

पॅकर हॅशिकॉर्पचं, २०१३ पासूनचं. एक तात्पुरतं मशीन उभं करायचं, एसएसएचने आत शिरायचं, लागेल ते बसवायचं, डिस्कचा स्नॅपशॉट घेऊन इमेज नोंदवायची आणि मशीन मोडून टाकायचं, एवढंच त्याचं काम. घोडं अडतं ते आत शिरताना.

*

लगेच येणारी एरर नावाची असते, उशिरा येणारी वाटेची.

डीफॉल्ट व्हीपीसी नाही, अशी एरर काही सेकंदांत येते. ॲमेझॉन खात्याला प्रत्येक रीजनमध्ये १७२.३१.०.०/१६ चं एक तयार व्हीपीसी देतं. सिक्युरिटीवाले ते काढून टाकतात, आणि योग्यच करतात. अशा वेळी फाइलीत सबनेट आयडी द्यावा; व्हीपीसी कोणतं ते पॅकर त्यावरून शोधतं. दिलेला सबनेट सापडत नसेल तर आधी रीजन पाहावं. मुंबईतला सबनेट हैदराबाद रीजनला ठाऊक नसतो.

*

उशिरा येणारी एरर म्हणजे ‘टाइमआउट वेटिंग फॉर एसएसएच’. आपण काही सांगितलं नाही तर पॅकर पाच मिनिटं थांबतं. पुष्कळ जण ती मुदत वीस मिनिटं करतात. मशीन सावकाश बूट होत असेल तर त्याने काम होईल. वाटच बंद असेल तर पंधरा मिनिटं जास्त वाया जातील.

*

त्या एररच्या वर लॉगमध्ये ‘यूझिंग एसएसएच कम्युनिकेटर टु कनेक्ट’ अशी ओळ असते आणि तिच्यापुढे पत्ता छापलेला असतो. तो नीट वाचावा. पत्ता १० ने सुरू होतो आणि आपण व्हीपीएनवर नाही? मग कारण तिथेच मिळालं. मशीनला पब्लिक आयपी मिळाला नाही, म्हणून पॅकर खासगी पत्त्यावर जाऊ पाहतंय. पब्लिक सबनेट असेल तर पब्लिक आयपी जोडण्याचा पर्याय चालू करावा. खासगी सबनेटमध्येच राहायचं असेल तर एसएसएच इंटरफेस म्हणून सेशन मॅनेजर निवडावा. त्याला आत येणारं पोर्ट २२ उघडावं लागत नाही. मशीनमध्ये एजंट, त्याला योग्य आयएएम रोल आणि बाहेर जायची वाट हवी.

*

पत्ता पब्लिक आहे आणि तरीही टाइमआउट, तर राउट टेबल उघडावं. ०.०.०.०/० ची ओळ इंटरनेट गेटवेकडे जाते की नॅट गेटवेकडे? नॅटमधून मशीन बाहेर बोलू शकतं, पण बाहेरच्याला त्याच्याशी बोलणं सुरू करता येत नाही. सबनेटच्या नावात ‘पब्लिक’ असून भागत नाही. ही एक ओळ काय ते ठरवते.

मग नेटवर्क एसीएल. सिक्युरिटी ग्रुप उत्तराची वाट आपोआप मोकळी ठेवतो, एसीएल ठेवत नाही. पोर्ट २२ आत येऊ दिलं, पण १०२४ ते ६५५३५ बाहेर जाऊ दिलं नाही, की उत्तर आतच अडकतं.

*

पॅकर लॉग चालू करून नकार कसा आहे ते पाहावं. ‘आय-ओ टाइमआउट’ : आपलं म्हणणं पोहोचतच नाही किंवा उत्तर परत येत नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ : बहुधा मशीनपर्यंत पोहोचलो, पण एसएसएच अजून चालू नाही. ‘अनेबल टु ऑथेंटिकेट’ : नेटवर्क ठीक आहे, यूझरनेम किंवा की तपासा.

*

एरर आली की पॅकर मशीन मोडून टाकतं आणि पुरावाही जातो. ‘ऑन-एरर’ला ‘आस्क’ सांगितलं की ते आधी विचारतं. मशीन उभं असतानाच पाहणी करून घ्यावी.

*

मला सर्वांत जास्त खटकते ती चालणाऱ्या बिल्डमधली चूक. पॅकर स्वतः तात्पुरता सिक्युरिटी ग्रुप बनवतं आणि आपण काही सांगितलं नाही तर पोर्ट २२ साऱ्या जगाला उघडं ठेवतं. ‘काही मिनिटांचाच प्रश्न आहे’ हे उत्तर मला पटत नाही. याच मशीनवरून पुढची सगळी मशीन निघणार आहेत. सोर्स म्हणून ऑफिसचा बाहेर जाणारा पत्ता तेवढा द्यावा.

*

कधी इमेज व्यवस्थित बनते आणि तिच्यावरून निघालेली मशीन नेटवर्कवर येत नाहीत. जुन्या लिनक्समध्ये यूडेव्हच्या फाइलीत बिल्ड मशीनच्या कार्डाचा मॅक पत्ता राहून जायचा. नव्या मशीनचं कार्ड मग ‘ईथ-वन’ व्हायचं आणि ‘ईथ-झिरो’साठी लिहिलेली मांडणी निकामी ठरायची. आता तीच काळजी मशीन-आयडीची घ्यावी. स्नॅपशॉटआधी ती फाइल रिकामी करावी.

*

नव्या मुलांना एवढंच सांगणं आहे : कन्सोलवर केलेली दुरुस्ती पुढच्या माणसाला दिसत नाही. रीजन, सबनेट, एसएसएच इंटरफेस आणि सोर्स पत्ता या चारही गोष्टी पॅकरच्या फाइलीत स्पष्ट लिहा, आणि तसं का केलं ते शेजारी एका ओळीत नोंदवा.