न्हाणी घराला टेकवू नका

जुन्या माळवदाच्या घरात नवे स्नानगृह करायचे ठरले की परभणी जिल्ह्यात आता साधारण एकच नकाशा ऐकू येतो. परसातली न्हाणी पाडायची, ओसरीला लागून असलेली एखादी अंधारी खोली रिकामी करायची, तिच्या भिंतींना 7 फुटांपर्यंत टाइल्स लावायच्या, खाली खरबरीत फरशी, एका कोपऱ्यात शॉवर, दुसऱ्यात कमोड, आणि मध्ये कसलाही उंबरा न ठेवता सगळी जमीन एका जाळीकडे उतरती करायची. यामागची गरज खरी आहे. गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या माणसाला रात्री पावसात परस ओलांडायला लावणे क्रूरपणाचे आहे, आणि घरात चाकाची खुर्ची असेल तर चार इंचांचा उंबराही भिंत होतो. माझा आक्षेप या सोयीला नाही, तिच्या जागेला आहे. ओली खोली जुन्या घराच्या पोटात बसवू नये. ती घराला खेटून असावी, ओसरीवरून सरळ चालत तिच्यात जाता यावे, पण तिचा पाया, तिच्या भिंती आणि तिच्या पाण्याची वाट घरापासून सुटी असावी. आम्हा बांधकामवाल्यांच्या बैठकीत हा मुद्दा निघतो खरा, पण टाइलच्या रंगाची चर्चा सुरू झाली की मागे पडतो.

आधी जमिनीचे पाहू. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या खोऱ्यातली इथली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट हे खनिज भरपूर असते. त्याच्या पापुद्र्यांत पाणी शिरले की माती फुगते आणि सुकली की आकसते. प्रयोगशाळेत तिचा फ्री स्वेल इंडेक्स काढतात, आणि तो 50 टक्क्यांच्या वर गेला की माती फुगणारी धरून चालतात. आता सगळे घर एकसारखे वर-खाली झाले तर त्याचे फारसे बिघडत नाही. जुन्या घरांनी अनेक पिढ्या असे पावसाळे आणि उन्हाळे काढले आहेत. घात करतो तो असमान ओलावा. मे महिन्यात घराच्या तीन बाजूंची जमीन हात जाईल इतकी भेगाळलेली असते, आणि त्याच वेळी चौथ्या कोपऱ्यात, फरशीखाली, एखाद्या सांध्यातून रोज तांब्या-दोन तांबे पाणी मुरत राहते. तेवढाच कोपरा फुगून वर येतो, बाकीचे घर खाली बसते. चौकटीच्या कोपऱ्यापासून तिरपी वर चढणारी भेग बहुतेक वेळा हेच सांगत असते. म्हणून ‘आमच्याकडे प्यायलाच पाणी नाही, ओल कशाने येणार?’ हा नेहमीचा प्रश्न उलटा आहे. कोकणातल्या जांभ्याला एवढ्या गळतीचे काहीच वाटणार नाही. कोरड्या परभणीत मात्र ती घर उचलते.

भिंतीची गोष्ट याहून नाजूक. आपल्याकडच्या जुन्या भिंती बहुधा दोन-अडीच फूट जाडीच्या, खाली काळा दगड आणि पांढऱ्या मातीचा दर्जा, वर कच्च्या विटा किंवा नुसतीच माती. कोरडी असेतो ही भिंत माळवदाचे ओझे मुकाट पेलते. भिजली की तिची ताकद झपाट्याने उतरते. तिला जमिनीतून थोडी ओल येतच असते आणि ती दोन्ही अंगांनी वाळत असते. शेणामातीचा किंवा चुन्याचा गिलावा हे वाळणे चालू ठेवतो. सिमेंटचा गिलावा आणि वर टाइल लावली की एक अंग बंद झाले. मग ओल उरलेल्या अंगाने वर चढते, बोअरच्या पाण्यातले क्षार बरोबर आणते, आणि पलीकडच्या देवघराच्या भिंतीला लोणा लागतो. लोक लोणा खरवडून दर दिवाळीला रंग देतात आणि रंगाच्या कंपनीला शिव्या घालतात. दरम्यान भिंतीत रुतलेले तुळईचे टोक ओल धरते. अशा लाकडाला वाळवी लागायला वेळ लागत नाही, आणि ते पोखरलेले वरून दिसत नाही.

यावर ठेकेदारांचे उत्तर ठरलेले असते: आता वॉटरप्रूफिंगची रसायने इतकी चांगली आहेत की ही भीती जुनी झाली. रसायने चांगली आहेत, हे मान्य. पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन थर, कोपऱ्यांत जाळी आणि गोलाई, नहाणी ट्रॅपच्या गळ्याभोवती नीट भरलेला सांधा, एवढे केले तर काँक्रीटच्या स्लॅबवरचे काम वर्षानुवर्षे टिकते. पण हा लेप एक-दोन मिलिमीटर जाडीचा. तो केसाएवढी भेग झाकतो. खालचा आधारच ऋतूमागून ऋतू हलत असेल तर तो फाटणार, आणि फाटल्याचे टाइलच्या वरून कळणार नाही. मातीच्या भिंतीवर तर तो धरतो तो फक्त वरच्या पापुद्र्याला. पापुद्रा सुटला की लेपही सुटला. पाणी अडवण्याचा उपाय हलत्या आधारावर करायचा आणि मग त्याच्या हमीपत्रावर विसंबायचे, यात शहाणपण नाही.

मग करायचे काय? काळ्या मातीवर बांधण्याचे शास्त्र आपल्याकडे चांगले विकसित झाले आहे. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने अंडररीम्ड पाइल दिले, म्हणजे तळाशी फुगीर असलेले खांब, जे ऋतूबरोबर हलणाऱ्या थराच्या खाली, सुमारे साडेतीन मीटरपर्यंत नेतात. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवले की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीचा पुरेसा जाड थर दिला तर तिची उचल आटोक्यात येते. 6 बाय 8 फुटांच्या न्हाणीला पाइल लागत नाहीत. दुसरा विचार कामाचा आहे. काळी माती किमान 3 फूट काढावी, चांगला मुरूम 6-6 इंचांच्या थरांनी पाणी मारून धुम्मस करावा आणि वर सळईचा सलग राफ्ट घालावा, म्हणजे हलली तर सगळी न्हाणी एकत्र हलेल. राफ्टवर आखूड भिंती उचलून घराच्या जोत्याच्या पातळीला दुसरा स्लॅब घालावा, कडा वर वळवलेल्या परातीसारखा. लेप आणि फरशी त्या परातीत. मधल्या पोकळीत पाइप उघडे राहतात, गळाले तर दिसतात, आणि गळालेले पाणी मातीत न जाता राफ्टवर पडते. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही पोकळी.

नवी आणि जुनी भिंत यांत निदान इंचभर फट हवी. वरून पत्र्याची पट्टी, तीही एकाच बाजूला ठोकलेली. म्हाताऱ्या माणसाच्या सोयीचे काय, हा खरा प्रश्न इथे सुटतो. आपली जुनी घरे दोन-तीन फुटांच्या जोत्यावर उभी आहेत, त्यामुळे ओसरी आणि न्हाणी एका पातळीत ठेवूनही पाइपला हवा तेवढा उतार मिळतो. फरशीला 80ला 1 असा उतार द्यावा, म्हणजे 8 फुटांना सुमारे सव्वा इंच. दाराच्या आत जाळीची अरुंद पन्हळ ठेवावी, की उंबऱ्याची गरज उरत नाही. फरशी खरबरीत शहाबादी असली तरी चालते, आणि पकडायचा दांडा नव्या भिंतीत पक्का बसतो. मातीच्या भिंतीत तो कधीच धरणार नाही.

खर्च वाढतो, हे कबूल. दोन स्लॅब आणि खोदाई टाइल्सच्या खर्चाला मागे टाकतात. त्याहून अवघड आक्षेप जागेचा. पाथरी किंवा गंगाखेडच्या जुन्या गल्लीत परसच उरलेले नाही, तिथे सुटी न्हाणी काढायची कुठून? चौकाचा कोपरा मिळाला तर उत्तम. नाहीच मिळाला तर खोलीच्या आत स्वतंत्र पेटी उभी करावी, जुन्या भिंतीपासून तीन इंच सुटी, खाली-वर हवेला झरोके ठेवून. इथे माझी बाजू लंगडी पडते, कारण जुन्या भिंतीच्या बुडाशी तिच्या पायापेक्षा खोल खणणे धोक्याचे, त्यामुळे मुरमाचा थर पातळ राहतो. तरीही भिंतीला थेट टाइल लावण्यापेक्षा हे पुष्कळ बरे. घर पाडून काँक्रीटचे बांधण्याचा सल्ला मी या कारणासाठी तरी देणार नाही. काळी माती नव्या घरालाही तशीच उचलते.

टाकीबद्दल मात्र तडजोड नको. 1000 लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन, आणि ती सर्रास माळवदावर चढवलेली दिसते. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंतींनी आणि माळवदाच्या ओझ्याने किती माणसे गाडली, हे मराठवाड्याला सांगायला नको. 2024 मध्ये हिंगोली भागातले धक्के परभणीतही जाणवले. टाकी लोखंडी घोडीवर, घराबाहेर. न्हाणीचे पाणीही भिंतीपासून किमान 10 फूट दूर न्यावे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून उघडी गटारे बंद केली, तो धडा चांगला आहे. पण आपल्या काळ्या मातीत खड्डा मुरमाला लागेपर्यंत खणला नाही तर पाणी जिरत नाही, तुंबते. कमोडची लाइन या खड्ड्यात कधीही सोडू नये.

कामाला दिवाळी ते संक्रांत हा काळ बरा: पाऊस ओसरलेला असतो आणि जमीन अजून भेगाळलेली नसते. गवंड्याला एकच अट घाला. फरशीचे पहिले खोके फोडण्याआधी परातीत 48 तास पाणी साठवायचे, आणि तुम्ही स्वतः खाली वाकून, बॅटरी घेऊन पोकळी पाहायची.