छत्र्यांचे रिंगण आणि करणीचा संशय

पावसाळ्यात मौद्याच्या शिवारात, धानाच्या बांध्यांजवळच्या गवतात कुत्र्याच्या छत्र्या कधीकधी गोल रिंगणात उगवतात. लहानपणी आम्हाला सांगत, "तिकडे जाऊ नका, चकवा लागतो." युरोपात याला पऱ्यांचे रिंगण म्हणत, जर्मनीत तर चेटकिणींचे. म्हणजे तिथेही संशय बाईवरच!

कारण साधे आहे. बुरशीचे धागे एका जागेवरून मातीत चहूबाजूंनी पसरतात. आतले अन्न संपते, म्हणून छत्र्या कडेवर उगवतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ वोलास्टन यांनी 1807 मध्येच हे मांडले होते.

कारणाशिवाय काही घडत नाही, हीच बुद्धाची शिकवण. 14 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी नागपुरात हाच धम्म आपल्याला दिला. तरी आपल्या वस्त्यांत करणीची कुजबुज का चालते? रिंगणात भूत पाहणारे मनच उद्या एकट्या विधवेला करणीवाली ठरवते. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा गुन्ह्याला शिक्षा देईल, पण संशय आपल्यालाच खोडावा लागेल.

तरुणांनो, यंदा पोरांना रिंगणाजवळ न्या, माती उकरून पांढरे धागे दाखवा. अनोळखी छत्री मात्र खाऊ देऊ नका. धोका भुताचा नाही, विषाचा आहे.

जय भीम!