नोंदवहीतली नावे

वॉर्सॉच्या ज्यू घेट्टोशी आम्हां साहित्याच्या लोकांची ओळख आहे ती बहुधा ‘डाकघर’मुळे. यानुश कोर्चाक यांच्या अनाथाश्रमातील मुलांनी 18 जुलै 1942 रोजी टागोरांचे हे नाटक केले. ऑगस्टमध्ये कोर्चाकांसह त्या मुलांना ट्रेब्लिंका येथे नेऊन मारण्यात आले. ही हकीकत आम्ही वर्गात सांगतो आणि सांगताना गहिवरतो. त्याच घेट्टोत तेव्हा ये-जा करणाऱ्या इरेना सेंडलर (1910–2008) या समाजकार्यकर्तीचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. त्यांचे काम वरकरणी कारकुनी होते, म्हणूनही असेल.

सेंडलर वॉर्सॉ विद्यापीठात पोलिश साहित्य शिकत होत्या. 1937 मध्ये तेथे ज्यू विद्यार्थ्यांसाठी वेगळे बाक आले. बिगर-ज्यू असल्याचा आपल्या पुस्तिकेवरील शिक्का सेंडलर यांनी खोडला, आणि विद्यापीठाने त्यांना निलंबित केले. जर्मन अंमलात, 1939 नंतर, नगरपालिकेच्या कल्याण विभागाने ज्यूंना मदत देण्यास बंदी झाली. तेव्हा या बाई आणि त्यांच्या सहकारी ज्यू कुटुंबे ख्रिस्ती नावांनी नोंदवू लागल्या. तपासणीस कोणी फिरकू नये म्हणून त्या घरात क्षय किंवा टायफस असल्याचे लिहीत. ज्या नोंदवहीने माणसे वगळायची, तिच्यातच ती परत लिहिली गेली.

येथे एक तुलना आम्हांला टाळता येत नाही. ज्यूंच्या मदतीसाठी डिसेंबर 1942 मध्ये स्थापन झालेल्या ‘झेगोटा’ या गुप्त संघटनेमागे कादंबरीकार झोफिया कोसाक यांची प्रेरणा होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांनी ज्यूंच्या संहाराविरुद्ध धाडसी पत्रक काढले. पण त्याच पत्रकात ज्यू हे पोलंडचे शत्रू आहेत, हे आपले मत बदलले नसल्याचेही नमूद केले. करुणा आणि द्वेष एकाच लेखणीतून! त्यांचे धैर्य आम्ही कमी लेखत नाही. परंतु जीव वाचवणे आणि ज्यूद्वेष नाकारणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्या कागदाइतके स्पष्ट कोठेच दिसत नाही.

सेंडलर यांच्या गटाने बाहेर काढलेल्या मुलांची संख्या सुमारे 2500 सांगितली जाते. तिच्याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मुलांना नवी नावे मिळाली, ख्रिस्ती प्रार्थना पाठ करून घेतल्या गेल्या. त्यावाचून ती जगली नसती. पण अशाने ज्यू मूल वाचते आणि त्याचे ज्यूपण जाते. म्हणून सेंडलर यांनी पातळ कागदाच्या पट्ट्यांवर जुने व नवे नाव शेजारी शेजारी लिहून ठेवले. ऑक्टोबर 1943 मध्ये गेस्टापोने त्यांना पकडले, छळ केला. एकही नाव मिळाले नाही. लाच देऊन झेगोटाने त्यांना सोडवले. ती यादी बरणीत घालून एका सहकारी स्त्रीच्या अंगणात पुरली गेली, आणि युद्धानंतर ज्यू नेते अडॉल्फ बेर्मान यांच्या हाती देण्यात आली. तोवर त्यातील बहुतेक मुलांचे आईवडील उरले नव्हते.