राइडमध्ये न बसणाऱ्यांसाठी

थीम पार्कचा नकाशा हाती आला की माझी नजर आधी राइड्सवर जात नाही. गाड्या लावायच्या जागेपासून फाटकापर्यंत किती चालावं लागतं, रांग उन्हात उभी राहणार की छपराखाली, राइडमध्ये न बसणारी माणसं कुठे टेकणार, हे मी आधी शोधते. मग रोलर कोस्टर. शाळेत असल्यापासून या जागांचं वेड आहे आणि अशी एखादी जागा आपण आखावी ही इच्छाही तेव्हापासूनचीच. वय वाढलं तसं वेड ओसरलं नाही. ते नेमकं कशाचं आहे, ते उलगडत गेलं.

मुंबईतल्या आमच्या पिढीसाठी थीम पार्क म्हणजे गोराईचं एस्सेलवर्ल्ड, १९८९ साली सुरू झालेलं. तिथे जायचं ते खाडी ओलांडून. बोरिवलीच्या बाजूला जेट्टीवर ताटकळायचं, बोट लागली की डबे-पिशव्या सावरत आत शिरायचं. डिझेलचा धूर, ओहोटीच्या चिखलाचा वास, काठाने तिवरांची गर्द झाडी. इंजिन सुरू झालं की मोठ्यांचं बोलणं ऐकू येईनासं व्हायचं. शाळा, गृहपाठ, लोकलची गर्दी सगळं मागच्या काठावर. ही खाडी कुणी पार्कसाठी आखलेली नव्हती. पण उंबरठा म्हणून तिच्याइतकं चोख काम करणारं प्रवेशद्वार पुढे कुठल्याही आराखड्यात माझ्या पाहण्यात आलं नाही. तिथल्या कित्येक राइड्स आता धड आठवत नाहीत. बोट अगदी स्पष्ट आठवते.

कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमला अशी खाडी नव्हती, संत्र्यांच्या बागा होत्या. १७ जुलै १९५५ रोजी तिथे डिस्नेलँड उघडलं. बाहेरचं जग नजरेआड व्हावं म्हणून वॉल्ट डिस्नेने पार्कभोवती मातीचा बांध घातला आणि त्यावरून आगगाडी फिरवली. आत जाणारा प्रत्येक जण रुळांखालच्या बोगद्यातून जातो. चार पावलं अंधार, मग एकदम चौक. मी अजून तिथे गेलेले नाही, पण तो बांध मला नकाशावर पाठ आहे, कारण माझी सगळ्यात आवडती युक्ती त्याच्याच अडचणीतून निघाली.

१९६९ साली तिथे भुताचा वाडा आला, हाँटेड मॅन्शन. त्याची मुख्य इमारत बांधाबाहेर उभारली गेली. मग वाड्यात शिरलेल्या माणसांना रुळांखालून पलीकडे न्यायचं कसं? त्यांना एका अष्टकोनी खोलीत उभं करतात. दार बंद होतं. भिंती उंच व्हायला लागतात, त्यांवरची चित्रं खाली लांबत जातात आणि चित्रांतल्या निवांत माणसांच्या पायाखाली काय वाढून ठेवलंय ते हळूहळू दिसतं. खोली ताणली जातेय, असंच वाटतं. प्रत्यक्षात जमीन खाली जात असते. ती खोली म्हणजे लिफ्ट आहे. १९७१ मध्ये फ्लोरिडात हाच वाडा पुन्हा बांधला, तेव्हा खाली उतरण्याची गरजच नव्हती. तरी खोली ठेवली, तिथे छत वर जातं. माणसांना इकडून तिकडे नेण्याचं साधं, रुक्ष काम कुणीतरी इतक्या प्रेमाने केलं, हे आठवलं की माझे हात शिवशिवतात.

रोलर कोस्टरच्या लूपचंही तसंच. कोनी आयलंडच्या फ्लिप फ्लॅपला १८९५ मध्ये जवळपास वर्तुळाकार लूप होता. त्यात शिरताक्षणी वळण एकदम अंगावर यायचं आणि माना लचकायच्या. १९७६ मध्ये मॅजिक माउंटनच्या रेव्होल्यूशनसाठी वेर्नर श्टेंगल या जर्मन अभियंत्याने लूपला थेंबाचा आकार दिला. खाली रुंद, माथ्यावर घट्ट, म्हणजे अंगावरचा भार टप्प्याटप्प्याने वाढतो. रेल्वेचा रूळ सरळ मार्गावरून वळणात नेताना हेच गणित वापरतात. खालून पाहणाऱ्याला तो थेंब फार देखणा दिसतो, आणि तो आला अनोळखी माणसांच्या मानेच्या काळजीतून.

ही काळजी मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली ती पुण्यात. गणपतीत मावशीकडे गेलो की पेठांमधले हलते देखावे पाहायला जायचो. दोरीने अडवलेली रांग, मंदावणारे दिवे, खर्जातलं निवेदन, आणि मग अफजलखान हात उगारतो. एका दुपारी मला पडद्यामागे जायला मिळालं. पुतळ्याच्या पाठीला पत्र्याचं झाकण, आत मोटर, मोटरला पट्टा आणि पुढे एक लाकडी लंबगोल तबकडी. तबकडीचा फुगीर भाग वर आला की दांडा उचलला जायचा आणि दांड्याबरोबर खानाचा खांदा. हात खाली येताना जरासा झटका बसत होता. कारागीर तबकडीची कड कानशीने घासायचे, मोटर चालवून पाहायचे, पुन्हा घासायचे. मला म्हणाले, "झटका बसला ना, की पोरं हसतात. भीती वाटायला पाहिजे." रस्त्यावर फुकट पाहिल्या जाणाऱ्या पाच मिनिटांच्या देखाव्यासाठी तो माणूस दुपारभर एक कड घासत होता.

वॉल्ट डिस्ने सांगायचा की त्याच्या मुली लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात मेरी-गो-राउंडवर बसायच्या आणि तो बाकावर शेंगदाणे खात बसून राहायचा. आईबापांनाही मुलांबरोबर मजा करता येईल अशी जागा हवी, हे त्या बाकावर सुचलं. आमच्याकडे त्या बाकावर आजी होती. लुगडं नेसून, सगळ्यांच्या चपला, घड्याळं, डबे राखत ती दिवसभर कठड्यावर बसायची. "आजी, तूही चल ना," म्हटलं की म्हणायची, "तुम्ही जा रे, मी इथून बघते." तिथून तिला दिसायचं काय? कुंपण आणि लोकांच्या पाठी. तिचंही तिकीट काढलेलं असायचं.

आपल्याकडे कुटुंब येतं ते तीन पिढ्यांचं, आणि त्यातली एक पिढी खाली बसून असते. खोपोलीजवळ २०१३ मध्ये सुरू झालेल्या इमॅजिकात 'आय फॉर इंडिया' आहे, मोठ्या पडद्यासमोर बसून देशावरून उडत गेल्यासारखं वाटतं. तिथून बाहेर पडणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यांना 'ते देऊळ कुठलं होतं' यावरून हुज्जत घालताना ऐकलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

हे काम शिकवणारा सरळ रस्ता आपल्याकडे नाही. मी आर्किटेक्चर केलं, दिवसा सोसायट्यांचे आराखडे काढते. रात्री माझा पार्क काढते. तो पावसाळ्यासाठीचा आहे. जोराची सर आली, वीज चमकली की कोस्टर थांबवावेच लागतात. पण तेवढ्यासाठी सगळा दिवस का थांबावा? माझ्या पार्कमधून एक लांब, रुंद पडवी जाते, पागोळ्यांसकट. तिच्यात बसणाऱ्याला राइडमधल्या माणसाचा चेहरा दिसलाच पाहिजे, ही माझी अट आहे. नातू समोरून जाताना आजीला हात हलवता यावा, म्हणजे गाडी तिथे हळू हवी. ते जमतं. कोस्टरचा मार्ग रेल्वेसारखाच टप्प्यांत विभागलेला असतो, एका टप्प्यात एकच गाडी. पुढची गाडी पुरेशी लांब गेली नसेल तर मागचीला थोपवायला मार्गाच्या मध्यावर ब्रेक असतात. पडवी त्या ब्रेकसमोर आणली की झालं.

अडचण उंचीची आहे. ब्रेकनंतर गाडीला पुन्हा वेग घ्यायचा असतो, म्हणून ती जागा उंचावर ठेवावी लागते. आठ मीटर म्हटलं तरी बारास एक उताराने शहाण्णव मीटरचा रॅम्प होतो, मधले थांबे वेगळेच. गुडघे दुखणाऱ्या बाईला एवढं चढवायचं नाही. म्हणून मी आता सपाट जमीन सोडून दिली आहे आणि पार्क डोंगरउतारावर काढते आहे, म्हणजे वरच्या अंगाने आलं की पडवी थेट जमिनीच्या पातळीवर लागेल.