बिजागरी आणि आश्वासन

लॅपटॉप हें यंत्र आतां चैनीचें राहिलें नाहीं, ही गोष्ट खडूफळ्यापुढें हयात घालविलेल्या आमच्यासारख्यांसही मान्य करणें प्राप्त आहे. शिकणाऱ्या मुलांच्या घरांत एक चांगला कोश असावा असें आम्ही पूर्वीं पालकांस सांगत असूं. आज त्या कोशाची जागा या यंत्रानें घेतली आहे. फरक एवढाच कीं, कोश एकदां घेतला म्हणजे तीन पिढ्यांस पुरतो, आणि पानें सुटलींच तर गांवचा बाइंडर तीं शिवून देतो. लॅपटॉप घेतांना मात्र आपण नुसती वस्तु घेत नसतों. कोठल्या तरी दूरच्या कंपनीशीं चार-पांच वर्षांचा संबंध जोडीत असतों. सोयरीक करतांना आपण जी चौकशी करतों तिचा शतांशही येथें कोणी करीत नाहीं.

आमची नात पुण्यास संख्याशास्त्राच्या एम्. एस्‌सी.च्या शेवटच्या वर्गांत होती. तिच्यासाठीं निवृत्तिवेतनांतून सांठविलेले ५८,००० रुपये खर्चून आम्हीं एक लॅपटॉप घेतला. कंपनीचें नांव येथें देत नाहीं. मिटलेल्या तंट्यांतील प्रतिपक्षाचें नांव चारचौघांत घेऊं नये असा आमच्या घरचा शिरस्ता आहे. आठव्या महिन्यांत एके दिवशीं झांकण उघडतांना कट्‌ असा आवाज झाला, आणि डावीकडची बिजागरी खालचें प्लॅस्टिक फोडून वर आली. यंत्र पडलें नव्हतें, कोठें आपटलेंही नव्हतें.

आमच्या गांवांत रेडिओ दुरुस्त करतां करतां संगणकांपर्यंत येऊन पोंचलेला आमचा एक जुना विद्यार्थी आहे. त्यानें तें उघडून पाहिलें. आंत लोखंडी बिजागरी स्क्रूनें बसविलेली असते. पण ते स्क्रू ज्या पितळी नटांत शिरतात, ते नट नुसत्या प्लॅस्टिकच्या लहानशा खुंटांत दाबून बसविलेले असतात. बिजागरी ताठ, प्लॅस्टिक पातळ. प्रत्येक वेळीं झांकण उघडलें कीं सारा ताण त्या खुंटांवर येतो. “गुरुजी,” तो म्हणाला, “हें पडल्यानें झालेलें नाहीं. रोज उघडल्यानें झालें आहे.” आम्हीं त्याच्याकडून तें मत सही-तारखेनिशीं लिहून घेतलें.

जिल्ह्याच्या गांवीं कंपनीचें सेवाकेंद्र होतें. तेथल्या तरुणानें यंत्र दोन मिनिटें पाहिलें आणि कागदावर ‘ग्राहकाकडून झालेली इजा’ असा शेरा मारला. म्हणजे हमी लागू नाहीं; खर्च १७,४०० रुपये. “काका, कंपनीचा नियमच आहे,” असें तो म्हणाला. त्या मुलाचा आम्हांस राग आला नाहीं. त्याच्या समोरच्या पडद्यावर दोनच रकाने होते, आणि ज्या रकान्यांत त्याला काम कमी पडे तो त्यानें निवडला.

खरी मौज पुढें झाली. आम्हीं कंपनीस ई-पत्र धाडलें. उत्तर आलें: ‘आपली तक्रार नोंदविण्यात आली आहे. तिची दखल घेण्यात येईल.’ चार दिवसांनीं दुसरें: ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ चाळीस वर्षें आम्हीं मुलांना प्रयोग शिकविले, पण कर्त्याचा इतका संपूर्ण लोप कोठें पाहिला नव्हता. कोणीं नोंदविली? कोणीं निकाली काढली? कोणाचेंच नांव नाहीं. वास्तविक ‘ग्राहक’ हा शब्द ग्रह् धातूस ण्वुल् प्रत्यय लागून झालेला, म्हणजे कर्तृवाचक. घेणारा तो ग्राहक. त्या पत्रव्यवहारांत मात्र सर्व क्रिया ग्राहकावरच होत होत्या. आश्वासनाचेंही तसेंच. श्वस् म्हणजे श्वास घेणें. धापा टाकणाऱ्यास श्वास घेऊं देणें तें आश्वासन. येथें प्रत्येक आश्वासनागणिक आमची धाप वाढत होती.

इकडे नातीचा प्रबंध सात आठवड्यांवर आला होता. आठवड्याच्या आठवड्यास सारें लिखाण वेगळ्या डिस्कवर उतरून ठेवण्याची तिची शिस्त होती, म्हणून काम बुडालें नाहीं. पण रोज रात्रीं विभागाची संगणकखोली बंद होईपर्यंत तेथें बसून तिला वसतिगृहावर उशिरा परतावें लागे. “अहो, द्या ते सतरा हजार आणि मोकळे व्हा, पोरीच्या जिवापेक्षां का पैसे मोठे?” असें सौ. दोनदां म्हणाली. तिचें म्हणणें खोडून काढण्याजोगें नव्हतें, आणि आम्हीं पासबुकही काढलें होतें. पण नातीचा फोन आला: “आजोबा, देऊं नका. माझें भागतें आहे. चूक त्यांची आहे.”

मग आम्हीं कायदा वाचला. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून अमलांत आला. १९८६ च्या जुन्या कायद्याप्रमाणें, कंपनीचें ठाणें जेथें किंवा तंट्याचें कारण जेथें घडलें, तेथें दाद मागावी लागे. आतां ग्राहक जेथें राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढेंही तक्रार करतां येते. वस्तूस दिलेली किंमत पांच लाखांपर्यंत असेल तर फी नाहीं. वकील लावलाच पाहिजे असें नाहीं. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. त्याआधीं सल्ला हवा असेल तर १९१५ हा सरकारी दूरध्वनिक्रमांक आहे. तेथल्या बाईंनीं आमचें म्हणणें शांतपणें ऐकून तक्रार लिहून घेतली, हें कृतज्ञतेनें नमूद केलें पाहिजे.

आम्हीं कंपनीच्या नोंदणीकृत कचेरीस स्पीडपोस्टानें दोन पानी पत्र धाडलें. सोबत पावती, बाहेरच्या कडेला ओरखडाही नसल्याचीं छायाचित्रें, विद्यार्थ्याचें लेखी मत. सर्व वाक्यांत कर्ता स्पष्ट लिहिला: तुम्हीं हें केलें, आम्ही हें करूं. पंधरा दिवसांची मुदत दिली. अकराव्या दिवशीं फोन आला, आणि या खेपेस बोलणाऱ्यानें स्वतःचें नांव सांगितलें. खालचा सारा सांगाडा विनाखर्च बदलून मिळाला. प्रबंध सादर होऊन तोंवर नऊ दिवस झाले होते.

पुढें सूनबाईंच्या शिकवण्यांसाठीं दुसरें यंत्र घ्यावयाचें ठरलें, तेव्हां आम्ही स्वतः दुकानांत गेलों. दुकानदार प्रोसेसरची थोरवी सांगत होता. आम्हीं तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. झांकण एका बोटानें उघडतें का, कोपरा धरून उचललें तर सांगाडा वांकतो का, हें पाहिलें. स्मरणशक्ति मुख्य पाटीवर डाख देऊन कायमची बसविली आहे, कीं पुढेंमागें वाढवितां येते, तें विचारलें. कायमची असेल तर पहिल्यापासूनच सोळा जीबीची घ्यावी. बॅटरी लिथियम-आयनची, म्हणजे वापरागणिक झिजणारी. चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबविण्याची सोय पुष्कळ यंत्रांत असते, ती वापरल्यास ती अधिक टिकते. फ्रान्समध्यें जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर तो दुरुस्त करणें किती सोपें याचे दहांपैकीं गुण छापावे लागतात. आपल्याकडे दुकानांत अशी गुणपत्रिका नाहीं. आपल्या सरकारनें डिसेंबर २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं संकेतस्थळ उघडलें. पण दुकानांत उभ्या असलेल्या माणसास हवा असतो तो खोक्यावरचा आंकडा. लेनोवो कंपनी आपल्या थिंकपॅड यंत्रांचीं दुरुस्ती-पुस्तकें सर्वांसाठीं खुलीं ठेवते. असें पुस्तक मिळतें का एवढें पाहिलें तरी कंपनीचा स्वभाव पुष्कळ कळतो.

हमीचेंही तसेंच. ‘एक वर्ष’ हा शब्द पुरेसा नाहीं. माणूस घरीं येणार कीं आपण यंत्र घेऊन जावयाचें, आणि अपघाताची जोखीम तींत धरली आहे कीं तिचे पैसे वेगळे, हें कागदावर वाचावें. आम्हीं आणखी एक केलें. पैसे देण्यापूर्वीं तिन्ही कंपन्यांच्या मदत-क्रमांकांवर दुकानांतूनच फोन लावून, बिजागरी तुटली तर काय कराल, असें विचारलें. एकीकडे बराच वेळ संगीतच ऐकूं आलें. दुसरीकडे, अगोदर यंत्राचा अनुक्रमांक द्या, म्हणाले. तिसऱ्या ठिकाणीं एका मुलीनें, कोणत्या परिस्थितींत हमी लागू होईल आणि कोणत्या नाहीं, तें नीट सांगितलें. आम्हीं तिसरें घेतलें. दुकानदार म्हणाला, “सर, याचा रंग जरा जुनाट आहे.” सूनबाईंस तो रंग आवडला.